दादा, ‘बॉस’ शब्द कोशात सापडला

दादा, तुझ्या दुकानाला कुलूप लागून आज तेरा दिवस झाले. शाळेतून घरी यायला मला बाजारातला रस्ता जवळचा, पण मी मुद्दाम पुलाकडून, तुझ्या दुकानावरून येते. वहिनी म्हणते, “वन्सं, कशाला तिकडनं येता, उगाच जीव जाळायला.” परवा तुझ्या दारात एक माणूस पंक्चर झालेली सायकल धरून उभा होता. मला म्हणाला, “बाई, बॉस कधी येणार?” त्याला तुझं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, “आता नाही येणार.” तो म्हणाला, “मग उद्या चक्कर मारतो.” मी त्याला काही समजावत बसले नाही.

लोक म्हणतात, भावावर चार ओळी लिहून काढा, बरं वाटेल. तू कुठं जन्मलास, किती शिकलास, कशानं गेलास, हे लिहायला मला काडीचा उत्साह नाही. तू ऐकलं असतंस तर म्हणाला असतास, “ते सगलं रेशनकारडावर हाय, अजून काय?” मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धवट पडलंय आणि ते अर्ध्यावर टाकून तू निघून गेलास. असं करायची तुझी जुनीच खोड.

भांडण कशावरून, हे महाडातल्या निम्म्या सायकलवाल्यांना माहीत आहे. ‘बॉस’ या एका शब्दावरून. तू गिऱ्हाइकाला बॉस म्हणायचास, कंडक्टरला बॉस, तलाठ्याला बॉस, हवा भरायला आलेल्या शाळकरी पोरालाही बॉस. मी म्हणायचे, बॉस म्हणजे मालक, फक्त इंग्रजी कपडे घातलेला. तू म्हणायचास, नाय. मालक तो की जो तुझा धनी असतो. बॉस तो की ज्याचं काम तू करतोस, काम संपलं की तो त्याच्या घरी, तू तुझ्या घरी. पाच-सहा वर्षं दर रविवारी आपण या एका शब्दाला दोन्हीकडून ओढत राहिलो. मी का ओढत होते ते तुला मी कधी सांगितलं नाही.

पण आधी खळ्यातली गोष्ट. ती तुझ्याइतकी मलाही पाठ आहे.

तू मुंबईच्या गोदीत लागून दोन वर्षं झाली होती. जूनमध्ये सुट्टीवर आलास तेव्हा आपल्या बाला ताप होता, म्हणून भातलावणीच्या पहिल्या दिवशी धन्यांच्या खळ्यात, त्यांच्या घरापुढच्या अंगणात, त्याच्या जागी तू गेलास. मी पंधरा वर्षांची, भाकरीचं फडकं घेऊन तुझ्यामागं. कापडे गावाच्या त्या अंगाला खाचरं सगळी धन्यांची आणि राबणारी माणसं आपल्या बौद्धवाडीची. कूळकायदा आल्यापासून धन्यांनी एक शिस्त घालून दिली होती. एका घराला तेच खाचर दोन वर्षं द्यायचं नाही, म्हणजे कुणाचं नाव सातबाऱ्यावर चढायला नको. दर वर्षी पहिल्या दिवशी घरटी एका पुरुषानं ओटीच्या पायरीखाली उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, “धनी, आलो.” मग ते झोपाळ्यावर बसल्या बसल्या बोटानं दाखवणार, तू वरलं, तू वहाळाकडचं. सगळ्यांनी मिळून एकदाच म्हटलेलं चालत नसे. एकेकानं म्हणायचं. ज्याला खाचर मिळालं त्याच्या घरात वर्षाचा अर्धा तांदूळ आला.

त्या माणसाचं खरं नाव मला माहीत नव्हतं. वाडीत कुणालाच ते तोंडानं घ्यायची वेळ आली नव्हती. आमच्यासाठी ते नुसते धनी.

तुझा नंबर आला. तू पुढं झालास, हसलास आणि म्हणालास, “काय बॉस, आलो. सांगा कुठं जायचं?”

तुझ्या आवाजात मस्ती नव्हती, हे मी शपथेवर सांगते. गोदीत मुकादमाला जसं म्हणायचास तसंच म्हणालास. धन्यांनी झोपाळा थांबवला.

“काय म्हनलास रे?”

“बॉस. मुंबयत सायबाला म्हनतात.”

धन्यांना ते आवडलं. खरंच आवडलं. साहेबाला म्हणतात म्हटल्यावर ते गालात हसले आणि तुला वहाळाकडचं खाचर दिलं, ओढ्याच्या पाण्याचं, सगळ्यात चांगलं. बांधावरून परतताना बायामाणसं हसत होती. त्या वर्षीची लावणी सगळ्या वाडीनं एकमेकाला बॉस म्हणत केली. चिखलात पाय रुतलेली म्हातारीसुद्धा म्हणायची, “वर काड गो मला, बॉस.” बा तेवढा हसला नाही. तापात पडल्या पडल्या म्हणाला, “धनी म्हनला असतास तर तोंड भाजलं असतं का तुजं?”

गणपतीत धन्यांचा पुतण्या मुंबईहून आला. त्यानं काकांना शहाणं केलं. म्हणाला, अहो, मुंबईत बॉस म्हणजे काही विशेष नाही, टॅक्सीवाल्याला म्हणतात, पानवाल्याला म्हणतात, कुणीही कुणालाही म्हणतं. तू त्यांना शिवी दिली असतीस तर त्यांनी दोन फटके देऊन विषय मिटवला असता. पण आपल्याला पानवाल्याच्या रांगेत बसवलं आणि आपण वर गालात हसलो, हे त्यांच्या मनात राहिलं. त्या वर्षी ते कुणाला काही बोलले नाहीत.

बोलले पुढच्या जूनला. बोलले म्हणजे काय, बोललेच नाहीत.

बा पायरीखाली उभा राहिला आणि म्हणाला, “धनी, आलो.” धन्यांनी बाच्या मागच्या माणसाला बोट दाखवलं. बाला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तो परत म्हणाला. धन्यांनी त्याच्याही मागच्याला खाचर दिलं. बानं तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा रांगेत कुणी उरलं नव्हतं. सगळे आपापल्या खाचरात गेले. बा तिथंच उभा. मी दुपारी भाकरी घेऊन गेले तर खाचरात बा नाही. शोधत खळ्यात आले तर तो पायरीखाली तसाच, डोक्यावर इरलं, हात पुढं बांधलेले. धनी जेवून झोपाळ्यावर घोरत होते. मी म्हटलं, “बा, चल.” तो म्हणाला, “थांब गो. बोलवतील.” शेवटी घरातल्या बाई बाहेर आल्या. त्यांना खरोखर वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “जा रे आता घरी. नको उभा राहू.” मग बा निघाला. वाटेत त्यानं भाकरी खाल्ली नाही आणि मलाही खा म्हणाला नाही.

त्यानंतर तो घाटात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला आणि दोन वर्षांत संपला. आय तर आपण लहान असतानाच गेलेली.

मी तुला पत्र लिहिलं होतं, आठवतं? “तुझ्या एका शब्दापायी बाच्या ताटातला भात गेला.” वहीचं अख्खं पान भरून मी तुला दूषणं दिली होती. तू उत्तर लिहिलं नाहीस, मिळेल त्या गाडीनं आलास. माफी मागायला आला असशील असं मला वाटलं. पण तू बाच्या समोर उभा राहिलास आणि त्यालाच विचारलंस, “आज्यानं तुला खांद्यावर बसवून महाडच्या तळ्यावर नेला होता ना? पानी प्यायलास ना तू? मग तीन-तीन वेला धनी कशापायी?”

बा हातोडीच्या दांड्याला चिंधी गुंडाळत होता. त्यानं वर बघितलं नाही. म्हणाला, “पानी एकदा प्यायचं होतं. धनी रोज म्हनायचं हाय. तुजा शब्द तुला मुंबयत परवडतो रे. हितं तो मला उचलायला लागतो.”

दुसऱ्या दिवशी निघताना मला एवढंच म्हणालास, “तू शिक. तुला कुनापुढं उभं राहायला लागू नये.” तिथून पुढं तुझ्या पाठीवर सिमेंटच्या गोण्या आणि माझ्या हातात पुस्तकं. माझं महाडचं शिक्षण, अध्यापक विद्यालयातली दोन वर्षं, माझी पहिली साडी, सगळं तुझ्या पाठीवरून आलं. ते सिमेंट तुझ्या छातीत किती बसत होतं हे आपल्या दोघांनाही फार उशिरा कळलं. हे मी तुला जिवंतपणी कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू “बरं बॉस” म्हणून उडवलं असतंस.

आता ते लिहिते जे लिहायला मी बसले.

आणीबाणी उठली त्या वर्षी आपल्याच खोऱ्यातल्या एका हायस्कुलात शिक्षिकेची जागा निघाली. शाळा एका संस्थेची आणि संस्थेचे अध्यक्ष धनी. शाळेतल्या कारकुनानं सांगितलं, मुलाखतीआधी अर्ज अध्यक्षांना घरी दाखवून आण, रीत आहे. तू सुट्टीवर आलेला होतास. मी तुला सांगितलं, शाळेत जाऊन येते. आणि गेले त्या खळ्यात.

धनी तसेच झोपाळ्यावर, फक्त केस पिकलेले. अर्ज घेतला. “कुनाची?” मी बाचं नाव सांगितलं. त्यांनी जरा आठवलं आणि म्हणाले, “म्हंजे त्या बॉसची बहीन.”

मी म्हटलं, “हो.”

“शिकलीस म्हन की.”

“हो.”

त्यांनी अर्ज मांडीवर उलटा ठेवला आणि झोपाळ्याला एक झोका दिला. कड्या कुरकुरायला लागल्या. ते काही मागत नव्हते, रागावलेही नव्हते. नुसते वाट बघत होते. मी खाली बघितलं तर मी बाच्याच जागी उभी होते, पायरीखालच्या त्या फरशीवर. पाय अनवाणी. चपला मी कुंपणाशीच काढल्या होत्या आणि काढल्याचं मला कळलंसुद्धा नव्हतं. कुणी काढ म्हटलं नव्हतं, दादा. झोपाळा कुरकुरत राहिला आणि मला वाटलं, आता मी पण दुपारपर्यंत इथंच उभी राहणार.

मी म्हटलं, “तुमची मेहेरबानी झाली तर बरं होईल, धनी.”

त्यांनी झोपाळा थांबवून सही केली. गोठ्याशी एक गडी बैलांना पेंढा टाकत होता, त्याच्याकडं माझं लक्षही गेलं नाही. चपला पायात घालून मी बाहेर पडले. घरी आले तर तू दारातच होतास. “झालं काम?” “झालं.” “अजून काय?” “काही नाही.”

आठ दिवसांनी नेमणुकीचा कागद आला. त्यावर खालच्या बाजूला त्या माणसाचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. तू पोलादपूरला जाऊन पेढे आणलेस आणि वाडीत घरोघर फिरलास. मला बरोबर घेतलंस. प्रत्येक दारात पेढा हातावर ठेवायचास आणि मोठ्यानं म्हणायचास, “माज्या बहिनीनं शिकून नोकरी मिलवली. कुनाला धनी म्हनली नाय.” शेवटी माझ्याही तोंडात पेढा घातलास. मी तो खाल्ला. त्याची चव मला अजून आठवते, चांगला होता, वेलदोडा घातलेला.

पुढं संस्थेच्याच महाडच्या शाळेत माझी बदली झाली. तुला छातीनं गोदी सोडायला लावली, तेव्हा तूही इथंच आलास आणि पुलापाशी सायकलीचं दुकान टाकलंस. आणि आपले रविवार सुरू झाले. तू उलट्या सायकलीचं चाक फिरवत, मी खोक्यावर बसून. तिथंच तू मला तुझ्या त्या म्हाताऱ्या खलाशाची गोष्ट सांगितलीस. तो सगळी बंदरं फिरलेला होता म्हणे. त्यानं तुला सांगितलं होतं की अमेरिकेत गोरे मजूर होते आणि काळे गुलाम होते. गुलाम धन्याला ‘मास्टर’ म्हणायचे. गोरे मजूर म्हणाले, आम्ही मजुरी करतो, गुलामी नाही, आमच्या तोंडून मास्टर निघणार नाही. मग त्यांनी डच लोकांचा एक शब्द उचलला. तो हा, बॉस.

“म्हंजे बघ,” तू पाना हलवत म्हणालास, “धनी म्हनायचं नाय म्हनून जो शब्द शोधला, तोच मी धन्याला म्हनलो. मला तवा ठाव पन नव्हता. तरी बरोबर बसला का नाय?”

मी केवढी चिडले होते! म्हटलं, “खलाशाच्या गप्पा! इंग्रजीचा तास मी घेते की तू? आणि गोऱ्यांनी नवा शब्द आणला तो स्वतःसाठी. काळ्यांचं काय? ते राहिलेच ना मास्टर म्हणत? शब्द बदलून कुणाचं पोट भरलं? बाचं भरलं?”

तू चाक थांबवलंस. बाचं नाव काढलं की तू लगेच म्हातारा दिसायचास. मग म्हणालास, “कोशात बघ. तुज्या शालंत हाय ना मोठा कोश?”

होता. कुण्या निवृत्त साहेबानं शाळेला दिलेला, दोन खंड, कपाटात. कपाटाची किल्ली माझ्याकडं. माझ्या स्वतःच्या पर्समध्ये, दादा, इतकी वर्षं. ज्या कपाटापासून मी चार पावलांवर रोज डबा खात होते, ते एका शब्दासाठी उघडायला मला सवड झाली नाही. दर रविवारी तू विचारायचास, “बघितलंस?” मी म्हणायचे, “विसरले.” मग तू पुढचं विचारायचास, “अजून काय?” आणि माझ्याकडं बघत राहायचास. मी म्हणायचे, “काही नाही.” मला वाटायचं ही तुझी बोलायची लकब.

मी विसरत नव्हते. मला भीती वाटत होती. तुझा खलाशी खोटा ठरला, तर सगळे शब्द सारखेच, आणि मग मी त्या पायरीखाली जे बोलले तो नुसता एक शब्द होता, तोंडची वाफ. पण तो खरा ठरला, तर जगात कुठंतरी माणसं त्या एका शब्दापाशी अडून बसली होती, आणि मी अडले नव्हते. म्हणून मला जिंकायचं होतं. कोश न उघडता.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुला वाक्य पुरं करता येत नव्हतं. सलाईन लावायला आलेल्या वॉर्डबॉयला तू “हळू बॉस” म्हणालास आणि तो हसला. मी पाय चेपत होते. तू मला विचारलंस, “बघितलंस?” मी म्हटलं, “तू बरा हो, मग दोघं मिळून बघू.” तू मान हलवलीस. श्वास गोळा करायला तुला बराच वेळ लागला. मग म्हणालास, “अजून काय?” मी म्हटलं, “काही नाही, झोप.” माझ्याशी तुझं तेवढंच शेवटचं बोलणं. पुढच्या दुपारी तू गेलास.

चौथ्या दिवशी मी शाळेत गेले आणि कपाट उघडलं. किल्ली फिरेना, गंज धरलेला. आधी मला चुकीचाच शब्द सापडला. त्याच अक्षरांचा आणखी एक जुना शब्द आहे, त्याचा अर्थ उंचवटा. ढालीच्या मध्ये फुगीर गोळा असतो तो. फार मागं गेलं तर कुबड. मी तिथं थांबले थोडा वेळ, कारण खडी फोडून फोडून शेवटी बाची पाठ कशी झाली होती ते मला दिसलं. मग खाली आपला शब्द. डच भाषेतला ‘बास’. अमेरिकेत गेला आणि बॉस झाला. त्याच्याही मागं काय, हे पंडितांना नक्की माहीत नाही. काही म्हणतात, मुळात त्याचा अर्थ काका असावा. काही म्हणतात, तसा पुरावा नाही. मला काका आवडला. आपण अनोळखी माणसाला काका, मामा म्हणतोच की. तू पण तेच करत होतास.

मास्टरची गोष्ट कोशात नव्हती. ती मी वाचनालयात जाऊन शोधली. शब्दांच्या जन्मकथांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, त्यात होती. तुझ्या खलाशानं सांगितली तशीच. गोऱ्या मजुरांना मास्टर म्हणायची लाज वाटायची, म्हणून. तू जिंकलास, दादा. पण त्याच पानावर खाली आणखी चार ओळी आहेत. तोच डच ‘बास’ दक्षिण आफ्रिकेत गेला आणि तिथं काळ्या माणसानं प्रत्येक गोऱ्याला तो म्हणायलाच हवा असा झाला. आजही म्हणावा लागतो. रेडिओवर बातम्यांत ज्या देशाचं नाव ऐकून तू पाना आपटायचास, त्या देशात तुझाच शब्द म्हणजे धनी. म्हणजे मी पण जिंकले. वाचनालयात पंख्याखाली बसून मला इतकं रडू आलं की ग्रंथपाल पाणी घेऊन आले. हे तुला सांगायचं होतं. हे सांगून मग तुझ्याशी आणखी दहा वर्षं भांडायचं होतं.

तुझा जलदान विधी वाडीवर झाला. सगळी वाडी आली होती. विधीनंतर वाडीतले सर्वांत वडीलधारे काका बोलायला उभे राहिले. आता त्यांना ऐंशी तरी असतील. फार बोलले नाहीत. म्हणाले, “त्यानं बहिनीला शिकवली. ती कुनाला धनी म्हनली नाय.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मला म्हणाले, “बोल गो बाय दोन शब्द.” मी उठले. वर्गात चाळीस-चाळीस पोरांसमोर तास-तास बोलणारी मी. म्हटलं, आता सांगायचं. आणि हात जोडून खाली बसले.

मग घराच्या मागल्या बाजूला वहिनी भांडी घासत होती, तिच्याशेजारी बसून मी टोप ओढला. राख हातात घेतली. आणि म्हटलं, “वहिनी, मी म्हटलं होतं. नोकरीच्या वेळी. धनी म्हटलं होतं मी.”

तिचा हात थांबला नाही. “ठाव हाय.”

“कुणी सांगितलं?”

“त्याच दिशी कललं. तुमी घरी यायच्या आदी. धन्यांचा गडी बांधावरनं वरडत गेला ना, बॉसची बहीन धनी म्हनली, बॉसची बहीन धनी म्हनली. सगल्या वाडीनं आयकलं.”

“दादानं?”

“ते दारातच उभे होते.” तिनं टोप पालथा घातला. “म्हनून तर पेढे आनले, वन्सं. मी म्हनलं, कशाला ह्ये? तर म्हनाले, ती आली तवा काय नाय म्हनाली. म्हंजे तिला ते सोसत नाय. मग ते झालंच नाय.”

ती भांडी घेऊन आत गेली आणि मला एकेक दार आठवायला लागलं. तू पेढा हातावर ठेवायचास, ते वाक्य म्हणायचास आणि तिथंच थांबायचास. समोरचा माणूस तुझ्याकडं बघायचा, मग माझ्याकडं, आणि म्हणायचा, “व्हय रे, नाय म्हनली.” तेव्हाच तू पुढच्या दाराकडं वळायचास. सगळ्यांनी मिळून म्हटलेलं तुला चाललं नाही. एकेकाकडून म्हणवून घेतलंस. आणि त्या सगळ्या माणसांनी, दर जूनला त्याच खळ्यात उभं राहून स्वतः धनी म्हणणाऱ्या माणसांनी, दहा वर्षं ते सांभाळलं. ते म्हातारे काका परवा सगळ्यांसमोर बोलले ते माहीत असून बोलले.

मला तुझा राग येतो, दादा. खरंच येतो. तू मला एकदा तरी टोचून बोलायचं होतंस. माझ्या पत्राचं उत्तर द्यायचं होतंस, त्याच शब्दांत. मी बाचं नाव काढून तुला गप्प करायचे तेव्हा तू म्हणायचं होतंस, “आनि तू गो?” मी मोकळी झाले असते. तू नुसता विचारत राहिलास आणि चाक फिरवत राहिलास. इतकी वर्षं मला वाटलं की मी तुझ्यापासून काहीतरी लपवून ठेवलंय, आणि तू ते माझ्यासाठी लपवून धरलं होतंस.

काल मी दुकान घडीभर उघडलं. वहिनीनं किल्ली दिली. तुझं खोकं तिथंच आहे, भिंतीला एक चाक टांगलेलं, कुणाचं ते कळत नाही. मी चपला बाहेर काढल्या नाहीत. घालूनच आत गेले आणि तू बसायचास त्या जागेसमोर उभी राहिले. आणि मोठ्यानं म्हटलं, रस्त्यावरचे दोघे-तिघे वळून बघायला लागले इतक्या मोठ्यानं. दादा, आणीबाणी उठली त्या वर्षी, बाच्या जागी उभी राहून, मी धनी म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला नोकरी हवी होती आणि मला भीती वाटली.

अजून काय, असं तू विचारायचास. एवढंच होतं.